जुन्या गाडीचं मायलेज का घसरतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"गाडी आता ॲव्हरेजच देत नाही." एवढ्या एका वाक्यामागे किती वेगवेगळी कारणं असतात, ते मला आलेल्या प्रश्नांमधूनच कळत गेलं. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे फ्युएल इंजेक्शनची पेट्रोल गाडी धरावी. गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी प्रश्न २ वाचा.

१. खरं मायलेज काढायचं कसं? डॅशबोर्डवर दिसतं ते धरलं तर चालतं का?

डॅशबोर्डवरचा आकडा हा इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून बांधलेला अंदाज असतो. मायलेज वाढतंय की घटतंय हे बघायला तो ठीक आहे, हिशेबाला मात्र टाकी फुल करण्याचीच पद्धत धरा. पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप कट होईल तिथे थांबा आणि ट्रिप मीटर शून्य करा. गाडी नेहमीसारखी वापरा. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. ट्रिपमधल्या किलोमीटरला या दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागलं की मायलेज निघतं. ४३२ किमीला ३० लिटर लागलं, तर १४.४.

एका टाकीवरून काही ठरवू नका. गाडी जरा तिरकी उभी असली किंवा नोझल लवकर कट झालं, की लिटरभराचा फरक सहज पडतो. सलग तीन टाक्या मोजा, सगळे किलोमीटर आणि सगळे लिटर यांची वेगवेगळी बेरीज करा आणि मग भागाकार करा. कट झाल्यावर वरून आणखी पेट्रोल गळ्यापर्यंत भरायची सवय असेल तर ती सोडा. पेट्रोलची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो, त्यात ते पेट्रोल शिरतं आणि डबा निकामी होतो.

हे माप हातात येईपर्यंत एकही पार्ट बदलू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आधी किती होतं हेच माहीत नसेल, तर बदललेल्या पार्टचा उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवणार?

२. गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो, पण खाली थेंबही दिसत नाही. त्यामुळे मायलेज कमी होत असेल का?

होत असेल, पण मायलेजची काळजी नंतर. आधी आगीची. गरम इंजिनवर गळलेलं पेट्रोल जमिनीवर पडायच्या आत उडून जातं, म्हणून खाली कोरडं दिसतं. जुन्या गाडीत रबरी पाइपला तडे जातात, क्लिपा सैल होतात, इंजेक्टरच्या रबरी रिंगा कडक होतात. गाडी चालवणं थांबवा आणि पेट्रोलची सगळी लाइन टाकीपासून इंजिनपर्यंत तपासून घ्या. नुसतं टाकीचं झाकण नीट बसत नाही एवढंच निघालं, तर उत्तमच.

३. गाडी १५ वर्षांची आहे. वयामुळे मायलेज कमी होणारच ना?

वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाचं मायलेज नुसत्या वयाने फार थोडं घटतं. १५ चं ११ झालं असेल तर ते वय नव्हे, तो बिघाड आहे आणि तो सापडतो. ही शंका कायमची मिटवायची असेल तर कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याचं मोजमाप, करून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे कंपनीने दिलेल्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळपास आले, तर इंजिन झिजलेलं नाही. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

४. टायरमध्ये हवा नेमकी किती ठेवायची? थोडी जास्त भरली तर मायलेज वाढेल ना?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा टाकीच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही टायरची कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते. हवा नेहमी गाडी थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी तपासा. दहा-पंधरा किलोमीटर चाललेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो आणि "हवा बरोबर आहे" असं वाटून जातं.

चारही टायरमध्ये प्रत्येकी १ पीएसआय हवा कमी असेल तर मायलेज साधारण ०.२ टक्के घटतं. म्हणजे ८ पीएसआय कमी असली तरी फटका दीड-दोन टक्क्यांचाच. हवा जरूर सांभाळा, ब्रेकच्या पकडीसाठी आणि टायरच्या आयुष्यासाठी. पण पंचवीस टक्के घसरलेलं मायलेज नुसत्या हवेने परत येईल अशी आशा धरू नका. ठरलेल्यापेक्षा जास्त हवा भरली तर टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. तेवढ्या थेंबभर पेट्रोलसाठी हा सौदा मला मान्य नाही.

५. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, तरी फरक पडला नाही. असं कसं?

फिल्टरच्या बाबतीत असंच होतं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजून त्या प्रमाणात पेट्रोल सोडतो. फिल्टर चोंदला की हवा कमी, म्हणून पेट्रोलही कमी. पिकअप मरतो, मायलेज फारसं बदलत नाही. फिल्टर बदलल्याने मायलेज वाढतं हे कार्ब्युरेटरच्या काळात खरं होतं (प्रश्न १६).

प्लगचं तसं नाही. एक सिलिंडर अधूनमधून मिसिंग करत असेल तर त्यातलं पेट्रोल न जळताच बाहेर जातं आणि एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही जाळतं. काढलेले जुने प्लग फेकू नका, नीट बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओलसर तेलकट काळं म्हणजे ऑइल जळतंय. चारांतला एकच काळा असेल तर त्या सिलिंडरचा ठिणगीचा कॉइल किंवा इंजेक्टर तपासा. चारही काळे असतील तर प्रश्न ७, ८ आणि ९ वाचा.

६. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी लगेच मंदावते, पूर्वीसारखी घरंगळत जात नाही. इंजिनाचा दोष का?

बहुधा ब्रेकचा. जुन्या गाडीत सर्वांत जास्त दुर्लक्ष याच दोषाकडे होतं, कारण गाडी चालते, ब्रेकही लागतो, कुठलाही दिवा पेटत नाही. इंजिन मात्र दिवसभर धरलेला ब्रेक ओढत असतं.

तपासणी फुकट आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर दहा मिनिटं ब्रेक शक्य तितका कमी वापरून गाडी चालवा, हळूहळू थांबा आणि खाली उतरून चारही रिमांजवळ तळहात न्या. हात लावू नका, भाजेल. तीन चाकं कोमट आणि एकाजवळ तव्यासारखी धग लागत असेल, तर ते चाक धरलेलं आहे. मग गाडी जॅकवर घेऊन ते चाक हाताने फिरवून बघा.

डिस्क ब्रेकमध्ये पॅड दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांचं ग्रीस वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही. ते वाळून काळं आणि चिकट होतं. एरवी दोन बोटांनी ओढून निघणारी पिन मग पान्याने पिळावी लागते. अशा चाकाचं आतलं आणि बाहेरचं पॅड सारखं झिजलेलं नसतं. पिना साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावलं की काम होतं, साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. पिना मोकळ्या असूनही चाक धरत असेल तर ब्रेकचा रबरी पाइप आतून सुजलेला असू शकतो: पेडल दाबल्यावर दाब पुढे जातो, पण सोडल्यावर परत येत नाही. मागचं चाक धरत असेल तर हँडब्रेकच्या केबलला गंज चढला आहे का ते बघा.

७. टेंपरेचरचा काटा नेहमी खालीच राहतो. इंजिन थंड राहतं, ते चांगलंच ना?

नाही, आणि हा गैरसमज दूर करायची मला फार इच्छा आहे. इंजिन थंड आहे असं समजल्यावर कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, पूर्वी चोक ओढल्यावर व्हायचं तसं. बहुतेक इंजिनांत थर्मोस्टॅट ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो उघडाच अडकला तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीचं मायलेज १५ वरून साडेअकरावर आलं होतं. दोन ठिकाणी दाखवली. एकीकडे प्लग बदलले, दुसरीकडे ऑक्सिजन सेन्सर. काटा मात्र हायवेवर मध्याच्या बराच खाली राहायचा, ते मी बघत होतो आणि चांगलं लक्षण समजत होतो. शेवटी थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. आधी कधीतरी गाडी तापली असताना कुणीतरी तो काढून टाकला होता. नवा बसवल्यावर पुढच्या तीन टाक्यांत मायलेज १४ च्या पुढे गेलं. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंखा, वॉटर पंप, पाण्याची गळती शोधा. थर्मोस्टॅट काढणं हा उपाय नाही.

काटा मध्यावर असूनही शंका असेल तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तपासा. बऱ्याच गाड्यांत काट्याचा आणि कॉम्प्युटरचा सेन्सर वेगवेगळा असतो. काटा बरोबर आणि कॉम्प्युटरला जाणारा आकडा चुकीचा, असं होतं. हा आकडा स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसतो.

८. चेक इंजिनचा दिवा पेटलाय, पण गाडी नीट चालते. ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतात. बदलू का?

आधी कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, स्कॅनरवर वाचून घ्या. सेन्सरच्या हीटरचा किंवा सेन्सर मंद झाल्याचा कोड असेल आणि वायरिंग ठीक असेल, तर बदला. हा सेन्सर पेट्रोल जास्त जातंय की कमी हे कॉम्प्युटरला सांगतो, तो बिघडला की कॉम्प्युटर अंदाजाने, आणि सहसा जास्तच, पेट्रोल सोडतो. नेहमीच्या प्रकारच्या सेन्सरचा व्होल्टेज गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली व्हायला हवा. एका जागी रेंगाळत असेल तर तो थकलाय.

"मिश्रण लीन" (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असा कोड असेल तर मात्र सेन्सरला दोष देऊ नका. तो बातमी देतोय. बातमी खरी आहे का, ते पुढच्या उत्तरात.

९. दिवा नाही, कोड नाही, तरी पेट्रोल जास्त खाते. आता काय बघायचं?

स्कॅनरवर चालू आकडे बघायचे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे स्कॅनर जोडायचं, सॉकेट असतं, इतरत्र ते पुढेमागे आलं. गाडी पुरती गरम करून तीन गोष्टी बघा: पाण्याचं तापमान, "क्लोज्ड लूप" (कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्यावरून पेट्रोल ठरवतोय) असं दिसतंय का, आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर आपल्या मूळ हिशेबात किती टक्के दुरुस्ती करतोय तो आकडा. उणे १० ते अधिक १० ठीक.

ट्रिम उणे १५ असेल तर पेट्रोल कुठून तरी जास्त येतंय: गळका इंजेक्टर, जास्त फ्युएल प्रेशर, किंवा वाफेचा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला. अधिक १५ असेल तर मोजली न गेलेली हवा आत शिरतेय, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. तो त्याच्याच खास स्प्रेने साफ करा, आतल्या तारेला बोट किंवा कापड लावू नका.

आता फसवणारी गोष्ट. ट्रिम अधिक, म्हणजे लीन, आणि प्लग मात्र काळे! हा मेळ बसत नाही ना? अशा वेळी एक्झॉस्टचा पाइप ऑक्सिजन सेन्सरच्या आधी कुठे तडकलाय का ते शोधा. भेगेतून बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी आहे, आणि कॉम्प्युटर वाढवत जातो. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली मिनिटभर "टिक टिक" असा आवाज आला तर भेग तिथेच असते.

तापमान बरोबर, क्लोज्ड लूप आहे, ट्रिम शून्याच्या आसपास, प्लगही तपकिरी? मग बॉनेट बंद करा. चोर चाकांकडे आहे: प्रश्न ४, ६, १९ आणि २१.

१०. हायवेवर कुठल्या वेगाला सर्वांत जास्त मायलेज मिळतं?

बहुतेक गाड्यांना टॉप गिअरमध्ये ६० ते ८० च्या दरम्यान. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून ९० ऐवजी ११० ला तो जवळजवळ दीडपट होतो. रिकामा रूफ कॅरिअर काढून ठेवा, त्याचा फटका हायवेवर चांगलाच जाणवतो.

११. उतारावर न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं ना?

इंजेक्शनच्या गाडीत उलट होतं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. शिवाय इंजिनाची रोक जाते आणि लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. कृपया करू नका. सिग्नलला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करणं फायद्याचं, फक्त बॅटरी आणि स्टार्टर धड हवेत.

१२. एसी बंद करून काचा उघडल्या तर?

गावातल्या वेगाला काचा, हायवेला एसी. एसी लावल्यावर पूर्वीपेक्षा जास्त फटका बसत असेल तर एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर धुळीने भरलाय का आणि कॉम्प्रेसर मधेमधे बंद होतो का ते बघा. सतत चालूच राहणारा कॉम्प्रेसर म्हणजे दुरुस्तीची वेळ.

१३. हायवेवर १६ देते, रोजच्या ३ किलोमीटरच्या फेऱ्यांत ९. बिघाड आहे का?

हायवेवर पूर्वीइतकंच देत असेल तर बहुधा नाही. ३ किलोमीटरमध्ये इंजिन तापेपर्यंत प्रवास संपतो, म्हणजे जवळजवळ सगळं अंतर जास्त पेट्रोलवर जातं. कामं जोडून एकाच फेरीत करा, आणि त्यातलं सर्वांत लांबचं आधी, म्हणजे इंजिन एकदाच पुरतं तापेल. सकाळी उभ्या जागी इंजिन गरम करत बसू नका. अर्ध्या मिनिटाने निघा आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा.

१४. प्रीमियम पेट्रोल, ॲडिटिव्ह, पाइपवर बसवायचं चुंबक, यातलं काय खरं?

ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक) सहन करायची क्षमता, ताकद नव्हे. तुमच्या इंजिनाला जेवढा ऑक्टेन सांगितलाय तेवढा पुरे. जुन्या इंजिनात कार्बन साचून नॉकिंग होत असेल तर जास्त ऑक्टेनने आवाज थांबेल, पण कारण आतच राहील. इंजेक्टर खरोखर मळले असतील तर चांगल्या क्लीनरचा थोडा उपयोग होतो. चुंबक घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली, त्यातल्या फारच थोड्यांनी किंचित फायदा दाखवला.

१५. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे किती फरक पडतो?

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्या हिशेबाने १० टक्के मिश्रणात ऊर्जा ३ टक्क्यांच्या आसपास आणि २० टक्के मिश्रणात ७ टक्क्यांच्या आसपास कमी होते. तुमची घट यापेक्षा बरीच जास्त असेल तर इथेनॉलच्या नावावर टाकून मोकळे होऊ नका. गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नसेल तर रबरी पाइप आणि सीलांवर लक्ष ठेवा (प्रश्न २).

१६. माझी गाडी कार्ब्युरेटरची आहे. तिच्यासाठी वेगळं काय?

चोक पूर्ण उघडतो का, हे पहिलं. केबलचं बटण आत गेलं म्हणजे पट्टी उघडली असं नाही. एअर फिल्टर काढून, गरम इंजिनवर, डोळ्याने बघा. मग फ्लोटची पातळी, झिजलेली नीडल आणि सीट, वर्षानुवर्षं तारेने साफ करून मोठं झालेलं जेट. पॉइंटचं इग्निशन असेल तर गॅप आणि टायमिंग. टायमिंग मागे असेल तर गाडी जड ओढते आणि पाय आपोआप जास्त दाबला जातो. इथे फिल्टर खरोखर महत्त्वाचा आहे.

१७. गॅस किट बसवलंय. गॅसचं मायलेज ठीक आहे, पण पेट्रोलही संपतं. का?

गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि पाणी ठरावीक तापमानाला आलं की गॅसवर जाते. फेऱ्या छोट्या असतील किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल (प्रश्न ७), तर बराच वेळ पेट्रोलच जळतं. सीएनजी किलोत मोजतात, म्हणून किमी प्रति किलो आणि किमी प्रति लिटर हे आकडे एकमेकांशी लावू नका. गॅसला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणून प्लग आणि कॉइलचा दोष गॅसवर आधी दिसतो.

१८. डिझेल गाडीत काय बघायचं?

ब्रेक, टायर आणि थर्मोस्टॅट तसेच. त्याशिवाय टर्बोपासून इंजिनपर्यंतचे पाइप: चढावर काळा धूर, दमदार पिकअप नाही आणि "सूं" असा आवाज, म्हणजे पाइप फाटलाय किंवा निसटलाय. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातं ते मोजणं) करून घ्या. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेली गाडी फक्त गावात फिरत असेल तर फिल्टर जाळून साफ करायला पुन्हा पुन्हा जास्त डिझेल सोडलं जातं, अधूनमधून हायवेवर अर्धा तास सलग चालवावी.

१९. मोठे टायर टाकल्यापासून मायलेज घसरलं. खरंच घसरलं का?

काही भाग हिशेबातला आहे. १७५/६५ आर१४ च्या टायरचा व्यास सुमारे ५८३ मिमी, १८५/७० आर१४ चा सुमारे ६१५ मिमी. चाक सव्वापाच टक्क्यांच्या आसपास मोठं झालं, म्हणजे मीटर तेवढं अंतर कमी दाखवणार. मीटरवर ३८० दिसलं तर गाडी साधारण ४०० चालली आहे. आधी ही दुरुस्ती करा, मग जी घट उरेल ती टायरचं वजन आणि रुंदी यांची. स्पीडोमीटरही तेवढाच कमी दाखवतो, हे विसरू नका.

२०. टायमिंग बेल्ट बदलल्यापासून पेट्रोल जास्त जातं. योगायोग?

मला वाटत नाही. बेल्ट एक दात चुकून बसला तरी बरीच इंजिनं चालतात, फक्त पिकअप आणि मायलेज दोन्ही पडतात. खुणा पुन्हा जुळवून घ्या. कुठल्याही कामानंतर मायलेज पडलं तर त्याच कामापासून शोध सुरू करायचा: न जोडलेला व्हॅक्यूम पाइप, सैल सॉकेट, सांगितलेल्यापेक्षा जाड ऑइल. ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० घातलं तर इंजिन ते ढवळण्यातच ताकद घालवतं.

२१. क्लच किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्समुळे मायलेज जातं का?

जातं. चढावर वरच्या गिअरमध्ये दाबल्यावर आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. ऑटोमॅटिकमध्ये हायवेला एकसारख्या वेगावर ॲक्सिलरेटर किंचित दाबून बघा. आरपीएम लगेच सरकत असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नसावा.

२२. दुरुस्तीचा खर्च वसूल होईल का?

मायलेजच्या आकड्यावर नाही, वाचणाऱ्या लिटरवर हिशेब करा. १० ची गाडी १२ ला आणली तर १०,००० किलोमीटरमागे १६७ लिटर वाचतात. १८ ची २० केली तर फक्त ५६. दोन्हीकडे "२ ने वाढलं", पण पहिल्यात तिप्पट वाचलं. म्हणून खूप खाणाऱ्या गाडीवर खर्च लवकर निघतो आणि आधीच बऱ्यापैकी देणाऱ्या गाडीवर शेवटच्या एका किलोमीटरसाठी धावपळ करण्यात अर्थ नसतो.

क्रम असा ठेवा: मोजमाप, हवा, चाकांची धग, टेंपरेचरचा काटा, प्लगचा रंग. या पाचांना जवळजवळ काहीच लागत नाही. मग स्कॅनर, मग पार्ट. कम्प्रेशनच गेलं असेल तर फक्त मायलेजसाठी इंजिन उघडण्याचा खर्च सहसा पेट्रोलमधून निघत नाही. ऑइल जळत असेल, धूर येत असेल, तर तो निर्णय त्या कारणांसाठी घ्या.